माझी अकरा माणसं

मला फुटबॉल आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या माझी ओळख ‘फुटबॉलवाली काकू’ अशी झाली आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही. खरा फुटबॉल टीव्हीवर लागला की मी भाजी निवडायला घेते. मी खेळते तो गेममधला. त्यात माणसं माझ्या अंगठ्यांनी पळतात आणि दमतात ती, मी नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं ते पायातून. मुलुंडला डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी चष्म्याचा नंबर तपासायचं काम करते. सबंध दिवस लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, ‘खालची ओळ वाचा’, ‘आता त्याच्या खालची’ असं म्हणत राहायचं. एका दुपारी दवाखान्याचीच खालची पायरी मला दिसली नाही. घोटा मोडला, प्लास्टर बसलं आणि मी कांजूरमार्गच्या घरात सोफ्यावर येऊन पडले. नवरा सकाळी डबा घेऊन कामाला जायचा. लेक थोड्याच दिवसांपूर्वी नोकरीसाठी बंगळूरला गेलेली. घरात मी, माझा पाय आणि खिडकीतून दिसणारी कुठल्या तरी नव्या टॉवरची क्रेन.

लेकीचा फोन रोज यायचा. पण फोन म्हणजे काय? ‘जेवलीस का?’ ‘हो.’ ‘काय जेवलीस?’ ‘भात.’ ‘बरं.’ एवढं झालं की दोघीही गप्प. ती काही लपवत होती असं नाही आणि मीही रुसलेली नव्हते. नुसतं बोलायला काही नव्हतं. ती घरी होती तेव्हा आम्ही कधी ठरवून बोललोच नव्हतो. मी कणीक मळायची, ती ओट्याला टेकून मोबाइल बघायची आणि मधेच काहीतरी विषय निघायचा. बंगळूरहून ओट्याला टेकता येत नाही. मला त्या दिवसांत फार एकटं वाटायचं आणि ते सांगायची लाजही वाटायची, कारण लेक शिकून कमावती झाली की आईने खूश राहायचं असतं.

पहिल्या पगारातून तिने तिकडे गेमचा नवा डबा घेतला होता. जुना आमच्या टीव्हीखाली धूळ खात पडलेला. एकदा तीच म्हणाली, ‘‘आई, तो डबा लाव ना. मी इथून, तू तिथून, दोघी एकाच टीमकडून खेळू. माझा जुना हेडफोन कपाटात आहे, तो कानाला लावला की बोलताही येतं.’’

‘‘मला काय येतंय त्यातलं!’’

‘‘पाय वर करून बसलीच आहेस ना? मग अंगठे हलव.’’

सुरुवातीला मी स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारत होते आणि ती तिकडे हसून लोळत होती. पण हसत होती ना! कितीतरी दिवसांनी मी तिला असं हसताना ऐकलं. त्या हसण्यासाठी मी आणखी दोन-चार गोल मुद्दाम खायला तयार होते, पण मुद्दाम काही करावं लागलं नाही.

या गेमची गंमत अशी की आरंभी सगळ्यांना एक फुकटची टीम देतात. त्यात जगभरचे असे खेळाडू असतात ज्यांना त्यांच्या गल्लीतही कुणी ओळखत नसेल. सामने खेळत गेलात की गेममधली नाणी मिळतात, ती साठवून हळूहळू बरे खेळाडू घ्यायचे. ज्यांना धीर नाही त्यांनी खरे पैसे टाकायचे. मग एक पाकीट मिळतं, ते फोडायचं, पडद्यावर फटाके उडतात, ढोल वाजतात आणि नशीब असेल तर आतून एखादा सोनेरी खेळाडू निघतो. सोनेरी खेळाडू इतरांच्या दुप्पट पळतो आणि त्याचा नेम चुकत नाही. म्हणजे जिंकायचं तर पैसे टाका, असा सरळ हिशोब.

मुळात हा गेम विकत घेतानाच माणसाचा खिसा रिकामा झालेला असतो. तिकीट काढून नाटकाला जावं आणि आत डोअरकीपरने सांगावं, की खुर्चीचे वेगळे पडतील, नाहीतर उभ्याने बघा, तसला हा प्रकार. मला तो कळला तेव्हा माझं डोकंच फिरलं. वर पाकिटाच्या चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलेलं की हवा तो खेळाडू मिळेलच असं नाही. लेक इतकी वर्षं खेळत होती, तिने ती ओळ कधी वाचलीच नव्हती. मी वाचली, पोटापाण्याची सवय म्हणून.

‘‘आई, घेऊ का तुला एक पाकीट?’’ तिने एकदा विचारलं. ‘‘कमावते ना मी आता.’’

‘‘खबरदार! आणि मग आपण बोलायचं काय?’’

कारण आमचं सगळं बोलणं त्या फुकट मिळालेल्या अकराजणांवर चाललं होतं. त्यांची खरी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी माझी ठेवली. गोलकीपर मोठे मामा. दोन्ही हात पसरून प्रेमाने उभे राहायचे आणि येईल त्याला आत सोडायचे. बचावाला भटजी, कायम उशिरा पोचणार, पण पोचले की सगळ्यांना ढकलून पुढे. डाव्या बाजूला धाकटी जाऊबाई. या गेममध्ये बायकाही खेळतात आणि ही तर इतकी सुसाट सुटायची की बॉल मागेच राहायचा. मधोमध सोनार, त्याच्याकडे एकदा गेलेला बॉल परत मिळायचा नाही. आणि सगळ्यांच्या पुढे पोस्टमन. पोस्टमनचं काम गोल मारायचं. त्याने बॉल सगळीकडे पोचवला, खांबावर, प्रेक्षकांत, एकदा रेफरीच्या पाठीत, फक्त जाळ्यात कधी नाही. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड असतं, त्यावर किती सामने आणि किती गोल ते लिहून येतं. पोस्टमनच्या सामन्यांचा आकडा वाढतच चालला आणि गोलचा शून्यावरून हलेना.

‘‘याला काढ गं आई,’’ लेक म्हणायची. ‘‘वाट लावतो प्रत्येक वेळी.’’

‘‘काढणार नाही. एक दिवस याला गोल मारायला लावीन, मग बघू.’’

तो आमचा नवसच होऊन बसला. आणि त्या नवसाच्या आडून काय काय निघायचं! भटजी उशिरा आले की तिला तिचा साहेब आठवायचा, जो मीटिंगला सगळ्यांच्या शेवटी येतो आणि सगळ्यांच्या आधी बोलतो. सोनाराने बॉल दाबून धरला की तिची घरमालकीण निघायची, जी गिझरचं बटण स्वतःच्या खोलीत ठेवते. एकदा जाऊबाई पडली, तिला उचलून नेलं, आणि तिकडून लेक एकदम म्हणाली, ‘‘आई, मला इथे पहिला महिना फार रडू यायचं. तुला सांगितलं नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मलापण यायचं. मीपण सांगितलं नाही.’’ मग आम्ही दोघी तो सामना सात गोलांनी हरलो.

प्लास्टर निघालं, मी कामाला लागले, पण संध्याकाळचे साडेआठ ठरलेले राहिले. घरी आल्या आल्या कुकर लावायचा, आमटीला फोडणी द्यायची आणि हेडफोन घालून बसायचं. नवरा बिचारा आपल्या हाताने वाढून घ्यायला शिकला. तेवढा तरी फायदा फुटबॉलने त्याला झाला.

आता बिल्डिंगचं सांगायला हवं. आम्ही मूळचे चाळीतले. चाळ पाडून टॉवर झाला, त्यातली एक विंग आम्हा चाळकऱ्यांना मिळाली आणि दुसरी बिल्डरने विकली. दोन्ही विंग एकाच महिन्यात उभ्या राहिल्या तरी आमची ती जुनी विंग आणि त्यांची ती नवी. त्यांची लिफ्ट बोलते, आमची कण्हते. भांडण असं काही नाही, पण येणंजाणंही नाही. एकत्र काय तो गणपती, आणि तोही माघातला, कारण भाद्रपदात आमची अख्खी विंग घरांना कुलपं लावून कोकणात जाते. गणपतीत दरवर्षी कॅरमची स्पर्धा व्हायची. ती आमचीच विंग जिंकायची, आमचे लोक चाळीच्या गॅलरीत खेळून तयार झालेले. यंदा नव्या मंडळींनी कॅरमच्या जोडीला हा गेम ठेवला. ज्याने त्याने आपापली टीम आणायची आणि हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर खेळायचं.

माझं नाव मी दिलं नव्हतं. बंगळूरला बसून लेकीने भरलं आणि मग मला कळवलं. ‘‘फायनलला पोचलीस तर सुट्टी काढून येईन,’’ म्हणाली. मी पोचेन असं तिला वाटलं नव्हतं, म्हणून ती बोलून गेली. पण समोरचे सगळे सोनेरी खेळाडू घेऊन यायचे आणि कौतुकाने त्यांनाच नाचवत बसायचे. तेवढ्यात जाऊबाई निसटायची. असं करत करत मी खरोखरच फायनलला पोचले.

फायनलला समोर नव्या विंगमधला एक जण होता. तिशीतला, पवईला कुठल्या मोठ्या ऑफिसात. त्याची टीम झळझळीत सोनेरी, एकही साधा माणूस नाही. हॉलबाहेर चहा घेताना मी त्याला सरळ विचारलं, ‘‘एवढे सगळे विकत घेतलेस?’’

‘‘खरं सांगू काकू? घरी येईपर्यंत दहा वाजतात. वेळ नाही हो माझ्याकडे. पैसे आहेत, म्हणून पैसे टाकतो.’’

इतकं निर्मळ बोलला की मला त्याचा राग धरता येईना. मी म्हटलं, ‘‘माझं बरोबर उलटं आहे रे,’’ आणि आम्ही दोघं हसलो. पण आमची विंग हसली नाही. विंगने त्याची सोनेरी टीम पाहिली, माझे मामा आणि भटजी पाहिले आणि विंगला घोर लागला.

आमचे खजिनदार भाऊजी म्हणजे मंडळाच्या पैशांचं बघणारे, बसमधून निवृत्त झालेले कंडक्टर, पक्के मालवणी. चाळीची जुनी रीत अशी, की कुणाच्याही घरी काही अडलं की भाऊजी कापडी पिशवी घेऊन दारोदार निघणार आणि ज्याला जमेल तेवढं तो टाकणार. ऑपरेशन असो, लग्न असो, कुणाची कॉलेजची फी असो. माझ्या बाळंतपणात बाळ काचेच्या पेटीत होतं तेव्हा ती पिशवी माझ्यासाठीही फिरली होती. त्या पिशवीला मी कधी नावं ठेवणार नाही.

फायनलला दोन दिवस होते. मी कामावरून आले तर आमच्या दारात चपलांचा ढीग. आत पाहते तर विंगमधली दहा-बारा माणसं टीव्हीसमोर, मधे फोडलेला नारळ, ताटलीत पेढे, आणि माझा नवरा कंट्रोलर दोन्ही हातांत धरून, गरम इस्त्री धरावी तसा.

‘‘ये गो, ये!’’ खजिनदार भाऊजी उठलेच. ‘‘तुझां काम झालां. बघ टीव्हीत!’’

पडद्यावर एक झगझगीत माणूस छाती काढून उभा होता. इतका नावाजलेला खेळाडू की मीसुद्धा त्याला ओळखलं. माझ्या मागे पिशवी फिरली होती. पैसे जमले होते, नवऱ्याच्या मोबाइलवरून टाकले होते आणि पाकिटं फोडली होती. पहिल्या काही पाकिटांत कुणी कामाचं निघालं नाही, एकात तर नुसते बूट निघाले. मंडळी हिरमुसली. मग नवऱ्याला पडद्याच्या कोपऱ्यात एक योजना दिसली. तुमचे जुने अकरा खेळाडू द्या आणि एक मोठं पाकीट घ्या. बोहारणीला जुने कपडे देऊन पातेलं घ्यावं तसं. आणि या मोठ्या पाकिटातून हा झगझगीत पाव्हणा निघाला होता.

‘‘कुठले अकरा?’’ मी विचारलं. उत्तर मला कळलं होतं.

‘‘अगं, ते तुझे जुनेच,’’ नवरा म्हणाला. ‘‘सगळ्यांचे गुण लाल रंगात होते. आणि तूच म्हणतेस ना, घरात जुनं साठवू नये.’’

मी त्याच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि शोधत गेले. मोठे मामा नव्हते. भटजी नव्हते. जाऊबाई, सोनार, कुणीच नव्हतं. पोस्टमनची जागा रिकामी होती. योजनेच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की दिलेले खेळाडू परत मिळणार नाहीत.

‘‘ही ओळ कोणी वाचली?’’ मी सगळ्यांना विचारलं. माझा आवाज चढला होता. ‘‘एवढी माणसं बसलात, एकानेही वाचली नाही?’’

‘‘अगो, जुनां दिलां नि नवां घेतलां,’’ भाऊजी समजुतीने म्हणाले. ‘‘चाळ दिली तेव्हा तसांच केलां मां आपण?’’

‘‘चाळ देताना घराघरातून सह्या घेतल्या होत्या भाऊजी. माझ्या माणसांना कुणी विचारलं?’’

बोलले आणि मलाच रडू फुटलं. टीव्हीतल्या अकरा नगांसाठी मी, अर्ध्या विंगला चष्मा लावलेली बाई, सगळ्यांसमोर पदराने डोळे पुसत होते. मंडळी एकेक करून उठली. कोणाच्या मनात वाईट नव्हतं आणि त्यामुळेच मला नीट भांडताही येईना. शेजारच्या आजींनी जाता जाता माझ्या हातावर पेढा ठेवला. ‘‘रड, पण खाऊन रड,’’ म्हणाल्या. भाऊजी दारातल्या ढिगात आपल्या चपला शोधायला लागले.

साडेआठला लेक हेडफोनवर आली. मी सांगितलं.

‘‘पोस्टमनपण?’’

‘‘पोस्टमनपण.’’

मग म्हणाली, ‘‘आई, मला सुट्टी नाही मिळाली गं. तेच सांगणार होते. आणि काम पण फार वाढलंय. आता हे असं झालंच आहे, तर थोडे दिवस नकोच खेळूया का?’’

‘‘बरं,’’ मी म्हटलं. मग विचारलं, ‘‘जेवलीस का?’’

‘‘हो.’’

‘‘काय जेवलीस?’’

‘‘भात.’’

हेडफोन काढून ठेवला आणि मला भीती वाटली. स्पर्धेचा चषक गेला खड्ड्यात. माझे साडेआठ हातातून चालले होते आणि ते मला कुठल्याच पाकिटात मिळणार नव्हते.

नवऱ्याशी मी त्या दिवशी बोलले नाही. तो मुकाट्याने नारळाच्या वड्या करत बसला. फोडलेल्या नारळाचं काय करायचं हा त्याच्यापुरता प्रश्न त्याने सोडवला.

सकाळी उठले ती राग घेऊनच, आणि माझा राग कामाचा असतो. गेममध्ये एक बाजार आहे. तिथे लोक आपले नकोसे खेळाडू साठवलेल्या नाण्यांवर विकतात. मी चहाचा कप घेऊन त्या बाजारात शिरले आणि मोठ्या मामांचं खरं नाव एकेक अक्षर लावून टाकलं. बघते तर मामाच मामा! रांगेने उभे, सगळ्यात कमी भावाला, कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. माझ्याकडे खेळून जमवलेली नाणी होती. मामा घेतले. भटजी घेतले. सोनार, जाऊबाई, एकेकाला हाताला धरून घरी आणलं. पोस्टमन सगळ्यांत स्वस्त निघाला, याचाही मला राग आला. नवी कार्डं समोर मांडली तर प्रत्येकावर सामने शून्य, गोल शून्य. चेहरे तेच, पण इतक्या महिन्यांचं काहीच त्यांच्या नावावर नव्हतं. मी त्यांना ओळखत होते, ते मला ओळखत नव्हते.

तरी त्यांचा फोटो काढून लेकीला पाठवला आणि कामाला गेले. दुपारी एका आजोबांना खालची ओळ वाचायला सांगत होते तेवढ्यात फोन वाजला. लेकीने मेसेज करून विचारलं होतं, ‘पोस्टमन मिळाला?’ मी लिहिलं, ‘मिळाला.’ थोड्या वेळाने उत्तर आलं, ‘फायनलला बाबांना फोन धरून बसायला सांग.’ आजोबांनी चुकीचं अक्षर वाचलं तरी मी त्यांना ‘अगदी बरोबर’ म्हटलं, आणि मग परत वाचायला लावलं.

फायनलच्या संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला नवी विंग, एका बाजूला जुनी. नवरा पहिल्या रांगेत फोन उभा धरून बसला होता. लेकीला सामन्याच्या जोडीने त्याचा अंगठाही दिसत होता. मी माझ्या अकराजणांना मैदानात उतरवलं आणि झगझगीत पाव्हण्याला राखीव बाकावर बसवलं. जुन्या विंगमधून एकच गलका उठला.

‘‘अगो, पाव्हण्याक उतरव!’’ खजिनदार भाऊजी ओरडले.

मी लक्ष दिलं नाही. पहिला गोल समोरच्याने मारला. मामांनी हात पसरून बॉलचं स्वागत केलं. मग जाऊबाई सुटली, यावेळी बॉलसकट, आणि बरोबरी झाली. मग त्याचा दुसरा. त्याचे सोनेरी गडी खरंच सुंदर पळत होते, खोटं कशाला बोलू. वेळ संपत आली आणि मागे विंगने ठेका धरला, ‘‘पाव्हणो! पाव्हणो!’’ मी वळून पाहिलं. शेजारच्या आजी खुर्चीवर उभ्या. भाऊजींच्या कपाळावर घाम. या सगळ्यांनी त्या पिशवीत हात घातला होता, माझ्यासाठी. आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला उपाशी परत पाठवत नाहीत. मी सोनाराला बाहेर बोलावलं आणि पाव्हण्याला उतरवलं.

त्याच्याकडे बॉल गेला, मी बटण दाबलं आणि गोल झाला. इतकं सोपं! मला काहीच वाटलं नाही, दिव्याचं बटण दाबून दिवा लागावा तेवढंच. पण मागे जी काय धमाल उठली! भाऊजी नाचत होते, आजींना दोघांनी धरलं होतं, कुणीतरी ताशा काढला होता. ते बघून मात्र मला फार बरं वाटलं.

बरोबरीमुळे प्रकरण पेनल्टीवर गेलं. दोघांनी पाळीपाळीने पाच-पाच मारायच्या. माझ्यातली एक भटजींनी आकाशात मारली. त्याची एकही चुकली नाही. माझी शेवटची पेनल्टी आली तेव्हा ती चुकली तर सगळं तिथेच संपणार होतं, आणि कोण मारणार ते मला निवडायचं होतं. पाव्हणा अजून बाकी होता. विंग हात जोडून त्याचं नाव घेत होती.

मी पोस्टमनला बोलावलं.

हॉलमध्ये ‘‘अरे देवा’’ झालं. नवऱ्याने मान खाली घातली. आणि त्याच्या हातातल्या फोनमधून, एवढ्या गोंगाटात, लेकीचा आवाज आला, ‘‘आई, खरंच?’’

‘‘गप गं,’’ मी म्हटलं, ‘‘बघ तू.’’

पोस्टमन धावला. बॉल सवयीप्रमाणे खांबावर आपटला. मी डोळे मिटले. मग लेकीची किंकाळी ऐकू आली, कान फाटेल अशी, आणि डोळे उघडले तर बॉल खांबावरून घरंगळत जाळ्यात जाऊन बसला होता. मी उठून उभी राहिले. कंट्रोलर खाली पडला. मी आणि तो फोन, आम्ही दोघी एकमेकींकडे बघून ओरडत होतो. माझं बघून भाऊजी ओरडायला लागले, भाऊजींचं बघून अख्खी विंग.

त्या गडबडीत समोरच्याने आपली शेवटची पेनल्टी मारली. मामांनी दोन्ही हात पसरून तिला आत घेतलं. तो जिंकला होता. पण ताशा आमच्या बाजूला वाजत होता आणि आजी मला पेढा भरवत होत्या. तो कंट्रोलर हातात धरून गोंधळून उभा होता.

‘‘काकू, जिंकलो मी ना?’’

‘‘तूच रे, तूच! झकास खेळलास,’’ मी म्हटलं आणि उरलेला पेढा त्याच्या तोंडात घातला. त्याने चषक घेतला आणि फोटो काढून झाल्यावर माझ्या शेजारी येऊन हळूच विचारलं, की हा पोस्टमन कोण. मी म्हटलं, सांगेन, पण त्याला वेळ लागेल. त्याने घड्याळ पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला.

‘‘आई, कार्ड बघ ना कार्ड!’’ लेक फोनमधून ओरडत होती. ‘‘गोल एक झाला का बघ!’’

मी कार्ड उघडलं. सामने एक. गोल शून्य. मला वाटलं चुकलं असेल. परत पाहिलं. मग कार्डाच्या तळाशी गेले, सगळ्यांत खालच्या बारीक ओळीवर, आणि मोठ्याने वाचली. पेनल्टी शूटआउटमधले गोल खेळाडूच्या नावावर धरले जात नाहीत.

नवऱ्याने अंगठा बाजूला घेतला. पडद्यावर लेक दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

‘‘धरलाच नाही गं आई त्यांनी,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे परत मारायला लागणार.’’

‘‘लागणारच,’’ मी म्हटलं. ‘‘पण तुला काम आहे ना?’’

‘‘उद्या साडेआठला ये. कुकर आधीच लावून ठेव.’’